मासळीचा लिलाव आणि प्रभूचा दिवस

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल प्रांतात, न्यूलिन हे मच्छीमारांचे गाव वसले आहे. डब्लिन येथे जन्मलेला चित्रकार स्टॅनहोप फोर्ब्स (१८५७–१९४७) १८८४ साली तेथे आला आणि तेथलाच झाला. त्याने थेट किनाऱ्यावर कॅनव्हास उभारला आणि वारापावसाशी झुंजत, गावकऱ्यांनाच समोर उभे करून, ‘कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील मासळीचा लिलाव’ हे तैलचित्र पूर्ण केले. १८८५ साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत झळकले.

चित्रात ओहोटीची ओली वाळू आहे. पुढ्यात पाकटीसारखी चपटी मासळी पसरली आहे, मागे लिलावाभोवती घोळका जमला आहे आणि दूर शिडांच्या होड्या दिसतात. वसई-उत्तनच्या वाचकांना हे दृश्य परके वाटू नये. वाळूवर बाजार भरे, कारण मोठ्या ताफ्याला पुरेल असे बंदर तोवर गावाला नव्हते. होता तो मध्ययुगीन जुना धक्का. त्याच्या दुरुस्तीस हातभार लावणाऱ्या पश्चात्तापी भाविकांना एक्सेटरचे बिशप लेसी यांनी पंधराव्या शतकात पापदंडातून ४० दिवसांची सूट जाहीर केली होती. दर्यावर्दीच्या सुरक्षिततेसाठी केलेले दान हेही धर्मकृत्य मानले जात होते.

चित्र झळकले त्याच वर्षी नव्या धक्क्याच्या कामास प्रारंभ झाला आणि १८९४ पर्यंत प्रशस्त बंदर सिद्ध झाले. तेथे पूर्व किनाऱ्यावरील लोएस्टॉफ्टच्या बोटीही मासळी उतरवीत. न्यूलिनचे मच्छीमार बहुतांशी मेथडिस्ट पंथाचे. रविवारी ते दर्यावर जात नसत. पाहुण्या बोटी मात्र जात, आणि सोमवारच्या बाजारात चांगला भाव त्यांच्या पदरी पडे. हा असंतोष १८ मे १८९६ रोजी उफाळला. स्थानिकांनी त्या बोटींवर चढून सुमारे १ लाख बांगडे समुद्रात फेकले. दंगल शमविण्यासाठी शेकडो सैनिक आणावे लागले.

त्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही. परंतु तिच्यामागील प्रश्न खरा होता. एकट्याने रविवार पाळला, तर त्याची किंमत त्या एकट्याच्या कुटुंबाला मोजावी लागते. त्या दंगलीच्या पाचच वर्षे आधी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात रविवारची विश्रांती हा श्रमिकाचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले होते. हा हक्क मालकाशी सौदा करून विकण्याजोगा नाही, कारण तो मुळात देवाप्रत असलेल्या कर्तव्यातून येतो, असे त्यांनी बजावले.

फोर्ब्सच्या चित्रात मासळीचा भाव ठरतो आहे. ज्या गावाचे ते चित्र, त्याने पुढे आपल्या विश्रांतीचा लिलाव होऊ देण्यास नकार दिला. आपल्या धर्मग्रामांतही कारखान्यात, दुकानात, इस्पितळात रविवारी राबणारे बंधुभगिनी आहेत. त्यांची मिस्सा चुकली की आपण चटकन बोट दाखवितो. त्यांना विसाव्याचा दिवस मिळावा म्हणून शब्द टाकणे, हे त्याहून अधिक ख्रिस्ती कर्तव्य नव्हे काय?