अरबी समुद्रातले देवमासे आणि दडवलेले आकडे

द्रोणागिरीच्या पायथ्याला करंजा बंदर आहे. जुन्या इंग्रजी नकाशांत उरणचा हा भाग ‘करंजा बेट’ म्हणून दाखवलाय. बेट आहे, कोळीवाडे आहेत, समोर अरबी समुद्र आहे. मग इथे देवमाशांच्या शिकारीची परंपरा असेल, असं वाटतं ना? पण इकडची ओळख डोल जाळ्यांची: बोंबील, जवळा, कोळंबी. आता ‘नावातच देव, म्हणून मारला नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. ऐकायला छान आहे, पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. किनाऱ्यालगतची मासेमारी, उथळ पाणी, होड्यांचा आकार ही साधी कारणं आधी तपासा.

मग या समुद्रात शिकार झालीच नाही का? झाली, पण ती परक्या जहाजांनी केली. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळच्या समुद्रात २३८ हम्पबॅक देवमासे मारले. आदल्या वर्षीचे ४ धरून २४२. ही शिकार बेकायदेशीर होती. आंतरराष्ट्रीय आयोगाला खरे आकडे दिलेच नव्हते.

मग आपल्याला कसं कळलं? जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांनी मोजमापं जपून ठेवली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती बाहेर आली आणि १९९७ मध्ये युरी मिखालेव यांनी अरबी समुद्राची माहिती प्रसिद्ध केली. पोटातल्या गर्भांच्या लांबीवरून दिसलं की यांचं प्रजननचक्र उत्तर गोलार्धाचं आहे. जठरांत मासे आणि क्रिलसारखे जीव सापडले, म्हणजे ते इथेच खातही होते. इतर हम्पबॅक खायला थंड समुद्रात जातात. हे वर्षभर इथेच राहतात.

१९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य जाहीर झाला. तरी आज हे हम्पबॅक शंभराहून कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. एवढ्या लहान समूहातून २४२ जाणं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा.

म्हणून जुने आकडे वापरताना दोन प्रश्न नक्की विचारा: नोंद कोणी केली, आणि कोणाला दाखवायला केली? इथे सरकारी अहवाल आणि शास्त्रज्ञांची मोजमापं एकाच जहाजावरची होती. खोट्या आकड्यांवर कोटे ठरत राहिले. खरी मोजमापं जपली गेली, म्हणून तीस वर्षांनी का होईना, हा समूह वेगळा आहे हे कळलं.