चिटणिसाची लेखणी

मराठी राज्याचा इतिहास आपण बहुधा तरवारीच्या अंगानें वाचतों. गड, खिंडी आणि स्वाऱ्या यांच्या वर्णनांत ज्याच्या हातीं लेखणी होती त्या मनुष्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. तथापि राज्य तरवारीनें मिळालें तरी तें चालतें कागदानें. आणि तो कागद लिहिणारा चिटणीस व त्याचा धनी यांचा संबंध कसा होता, हा विषय केवळ संशोधकांच्याच आवडीचा आहे असें नाहीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून रोज सकाळीं गाडीनें फोर्टाकडे किंवा वांद्र्याच्या नव्या कचेऱ्यांकडे जाणाऱ्या सुशिक्षितांत साहेबांचीं पत्रें लिहिणारीं, भेटी ठरविणारीं आणि गुपितें सांभाळणारीं माणसें थोडीं नाहींत. साहेबांचा विश्वास कसा मिळवावा, आणि तो मिळवितांना स्वतःची मान ताठ कशी ठेवावी, हा त्यांचा प्रश्न बराच जुना आहे.

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे कोंकणांतले. त्यांचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरीं होते. सिद्दीच्या क्रोधास ते बळी पडले, पोरके मुलगे राजापुरास आले, आणि बाळाजींच्या अक्षरानें महाराजांचें लक्ष वेधलें, असें घराण्याची परंपरा सांगते. ती आपणांस कळते ती मुख्यतः त्यांचे वंशज मल्हार रामराव चिटणीस यांनीं १८१० च्या सुमारास लिहिलेल्या बखरीवरून. तेव्हां वंशाभिमानापोटीं आलेली अतिशयोक्ति वजा करूनच या गोष्टी वाचल्या पाहिजेत.

त्यांतली एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. महाराजांनीं सांगितलेलें एक महत्त्वाचें पत्र कामाच्या गर्दींत लिहावयाचें राहून गेलें. रात्रीं महाराजांनीं तें वाचून दाखविण्यास सांगतांच बाळाजींनीं कोरा कागद समोर धरून सबंध पत्र अस्खलित वाचलें. मशालजीस हसूं आवरेना, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. आणि रागावण्याऐवजीं महाराज प्रसन्न झाले. ही गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, तींत एक मर्म आहे. धन्याचे शब्द उतरून घेणारे पुष्कळ मिळतात. त्याचें मन ओळखून त्याच्या शब्दांत बोलूं शकणारा विरळा.

परंतु महाराजांनीं केवळ प्रसन्नतेवर कारभार उभारला नव्हता. १६७४ मधील राज्याभिषेकसमयींचा म्हणून जो कानुजाबता प्रसिद्ध आहे त्यांत चिटणिसाचें काम स्पष्ट नेमून दिलें आहे : राजपत्रें व त्यांचीं उत्तरें त्यानें लिहावींत, नाजूक पत्रांवर इतर कोणा अधिकाऱ्याची मोहर नसावी. इतर कागद मात्र सुरनीस, म्हणजे सचिव, तपासून पाही. पत्राच्या शेवटीं मोर्तब होई. त्यापुढें कोणास एक अक्षरहि वाढवितां येत नसे. जेथें अधिकाराची सीमा कागदावर असते तेथें विश्वासाला संशयाची बाधा लवकर होत नाहीं, हें त्या व्यवस्थेचें रहस्य होय. बाळाजींस अष्टप्रधानांत जागा देऊं केली असतां त्यांनीं ती न घेतां वंशपरंपरा चिटणिशी मागून घेतली, असेंहि सांगतात. आपलें सामर्थ्य पदांत नसून सान्निध्यांत आहे, हें त्यांनीं ओळखलें असावें.

एप्रिल १६८० मध्यें महाराज निवर्तले आणि या सान्निध्याची दुसरी बाजू दिसून आली. संभाजीराजांस डावलून राजारामास गादीवर बसविण्याचा बेत अण्णाजी दत्तो प्रभृतींनीं केला. त्या संबंधींचीं पत्रें लिहिण्यास बाळाजींनीं नकार दिला, परंतु त्यांच्या मुलाच्या हातून तीं लिहविलीं गेलीं, अशी हकीकत सांगितली जाते. ती खरी धरल्यास बाळाजींची अडचण मोठी करुण होती. हात आवरला, पण तोंड उघडलें नाहीं. पुढें १६८१ मध्यें दुसऱ्या कटाच्या आरोपावरून संभाजीराजांनीं अण्णाजी दत्तोंबरोबर त्यांनाहि देहान्त शासन केलें. त्यांचा अपराध कितपत होता याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. आणि महाराणी येसूबाईंनीं या कृत्याबद्दल पतीस दोष दिला, असें बखर सांगते. एवढें मात्र खरें कीं, अर्धा नकार चिटणिसाचें रक्षण करीत नाहीं. धन्याच्या गुपितांजवळ राहणाऱ्याचें मौन हें संमति म्हणून वाचलें जातें.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्याच बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनीं त्याच संभाजीराजांची चिटणिशी इमानानें केली, आणि पुढें राजारामांबरोबर दूर जिंजीपर्यंत संकटें सोसलीं. केवळ व्यक्तीवर नव्हे तर राज्यावर निष्ठा असल्याखेरीज पितृवधाचें विष कोणास पचवितां आलें असतें ?

अलीकडच्या काळांत याच नात्याचें निराळें रूप महादेवभाई देसायांच्या चरित्रांत दिसतें. १९१७ पासून ते गांधीजींचे चिटणीस होते. १९३८ मध्यें कस्तुरबा व महादेवभाईंच्या पत्नी, हरिजनांना बंदी असलेल्या पुरीच्या मंदिरांत गेल्या, तेव्हां गांधीजींनीं महादेवभाईंस कठोर शब्दांत दोष दिला. महादेवभाईंनीं वेगळें होण्याची इच्छा दर्शविली. गांधीजींनीं ती मानली नाहीं. आणि महादेवभाईंनीं तो सारा प्रसंग 'हरिजन' पत्रांत उघडपणें लिहिला. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं पुण्याच्या आगाखान महालांत, गांधीजींसमवेत स्थानबद्ध असतांनाच, त्यांचा अंत झाला. येथेंहि धन्याचा रोष होता, मतभेद होता. परंतु तो बोलला गेला, म्हणून नातें तुटलें नाहीं.

बाळाजी आणि महादेवभाई यांच्या काळांत अडीचशें वर्षांचें अंतर आहे आणि दोघांचे धनीहि अगदीं निराळे. तरीहि दोघांच्या चरित्रांतून एकच धडा मिळतो. धन्याचें मन ओळखणें ही चिटणिसाची कला होय. आपली मर्यादा राखणें ही त्याची शिस्त होय. परंतु प्रसंगीं धन्यास त्याच्या तोंडावर 'हें मला पटत नाहीं' असें नम्रपणें सांगणें हा त्याचा धर्म होय. आणि तें ऐकून घेण्याचें धैर्य ज्या धन्यापाशीं नाहीं, त्याला उत्तम अक्षराचा कारकून मिळेल. चिटणीस मिळणार नाहीं.