वीस महिन्यांचं शिखर

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक खरी गोष्ट कचरा समजून फेकून दिली. मध्य अक्षांशांवरच्या ओझोनच्या मासिक नोंदींचा स्पेक्ट्रम काढला होता. 12 महिन्यांचं शिखर अपेक्षित होतं, 30 च्या आसपासचंही. पण 20 महिन्यांवर तिसरंच एक उभं! निसर्गात 20 महिन्यांनी काय होतं? काहीच नाही. कोडची गडबड असणार म्हणून फिल्टर लावून पुसून टाकलं. गाइडनी एवढंच विचारलं, "जुने पेपर वाचलेत का?"

नव्हते वाचले. मग वाचले.

1920 च्या दशकात ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांनी डोक्यावरचा एकूण ओझोन मोजायचं उपकरण बनवलं. 1928-29 मध्ये त्यातलं एक कोडाईकनालला आलं. त्याच सुमारास हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात हललं. (शिवाजीनगरच्या 'शिमला ऑफिस' चौकाचं नाव त्यावरूनच पडलंय.) या खात्यात के. आर. रामनाथन होते. पुढे ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, पण ओझोन त्यांनी सोडला नाही.

1961 मध्ये अमेरिकेत रीड आणि इंग्लंडमध्ये व्हेरियार्ड व एब्डन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की विषुववृत्तावर 20-30 किलोमीटर उंचीवरचे वारे आलटूनपालटून दिशा बदलतात. एक फेरी सरासरी 28 महिन्यांची, कधी कमी कधी जास्त. यालाच आपण क्यूबीओ म्हणतो. 1962 मध्ये फंक आणि गार्नहॅम यांनी ऑस्ट्रेलियातल्या ओझोनमध्ये 24 महिन्यांची लय सुचवली आणि 1963 मध्ये रामनाथन यांनी उष्ण कटिबंधातल्या ओझोनची द्वैवार्षिक चढउतार मांडली. हातात सलग नोंदी किती? बऱ्याच ठिकाणी 1957-58 च्या भूभौतिकी वर्षापासूनच्या, म्हणजे लयीच्या जेमतेम दोन-तीन फेऱ्या. आज एवढ्यावर कोणी पेपर पाठवला तर रिव्ह्यूअर परत पाठवेल. त्यांचं धाडस मला पटतं, कारण त्यांनी आकड्यांआधी वारे पाहिले होते.

आता माझं शिखर. क्यूबीओ विषुववृत्तावर बारमाही चालू असतो, पण मध्य अक्षांशांवरच्या ओझोनला तो हलवतो मुख्यतः हिवाळ्यात. स्थितांबरात ओझोन वाहून नेणाऱ्या ग्रहीय लहरी तेव्हाच जोरात असतात. म्हणजे 30 महिन्यांच्या लयीला 12 महिन्यांनी उघडणारं दार. दोन्हींचा गुणाकार झाला की वारंवारितांची वजाबाकी दिसते: 1/12 वजा 1/30 बरोबर 1/20. आले की 20 महिने! (28 घेतलेत तर 21 येतील.) बेरजेचं साडेआठ महिन्यांचंही एक असतं. टंग आणि यांग यांनी 1994 मध्ये हे नीट मांडलं.

वसईच्या पाचूबंदरला हे सांगायला स्पेक्ट्रम लागत नाही. चंद्राची आणि सूर्याची भरती थोड्या वेगळ्या वेळाने येते, म्हणून दर पंधरवड्याला उधाण आणि मधे भांग. तिथे बेरीज असते, इथे गुणाकार, एवढा फरक लक्षात ठेवा. मी व्हायव्हात यावरच अडखळले होते.

फिल्टर मी काढून टाकलाय. पण 1953 पासून नोंदलेली क्यूबीओची लय फेब्रुवारी 2016 मध्ये पहिल्यांदा मोडली, तीही उत्तरेकडच्या हिवाळ्यातून आलेल्या लहरींमुळे. 2019-20 मध्ये ती पुन्हा मोडली. ती वर्षं घातली की माझं शिखर पसरट होतं. सध्या तिथेच अडकलेय.