कस्टरच्या घोडदळाचा मार्ग
२२ जून १८७६ रोजी यलोस्टोन नदीकाठाहून निघालेले लेफ्टनंट कर्नल कस्टर याचे अमेरिकी सैन्यातील सातवे घोडदळ रोजबड खोऱ्यातून कोणत्या वाटेने चढत गेले, हे त्याच घोडदळातील लेफ्टनंट वॉलेस याने रोजच्या मजलांची नोंद ठेवल्यामुळे बरेचसे निश्चित करता येते. २४ च्या रात्री ते लाकोटा व शायेन या मूलनिवासी जमातींच्या वस्तीच्या मागावर, म्हणजे घोड्यांमागून ओढत नेलेल्या तंबूच्या खांबांनी जमिनीवर पाडलेल्या चरांवरून, जलविभाजकाकडे (दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या उंचवट्याकडे) वळले. २५ जूनला फौज विभागल्यानंतर मात्र त्या दिवशीच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरसोबत शेवटपर्यंत राहिलेला एकही सैनिक वाचला नाही, त्यामुळे अखेरच्या काही मैलांचा माग १९८४ पासूनच्या उत्खननांत सापडलेल्या काडतुसांवरून आणि लाकोटा-शायेन योद्ध्यांच्या कथनांवरून काढावा लागतो, आणि ही कथने अभ्यासकांनी दीर्घकाळ दुय्यम लेखली, हा त्या साक्षीदारांवर अन्यायच होता.