टकटक ऐकू आली नाही तर

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात माझी गाडी बंद पडली. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र आणि खाली ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’. बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला मी छत्री धरून टो व्हॅनची वाट पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने स्कॅनर लावला. एका सेन्सरचा कनेक्टर सैल होता. त्याने तो बोटाने दाबला आणि गाडी सुरू झाली.

त्यानंतर जुन्या गाड्या रस्त्यात बंद पडल्यावर लोक काय करायचे, हे वाचायचा नाद लागला. त्यात एमजीबी सापडली. दोन सीटची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनायची. पाच लाखांहून जास्त बनल्या. नोकरदार तरुणाच्या आवाक्यातली स्पोर्ट्स कार, त्यामुळे दुरुस्तीही बरेच जण स्वतःच करायचे.

तिचा पेट्रोल पंप मागच्या चाकाजवळ असायचा, एसयू कंपनीचा. आत विद्युतचुंबक आणि रबरी पडदा. चुंबक पडदा ओढतो, पेट्रोल आत येतं. पडदा पूर्ण ओढला गेला की दोन पॉइंट एकमेकांपासून सुटतात, वीज तुटते, स्प्रिंग पडदा परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. पॉइंट पुन्हा जुळतात. दर फेरीला एक ‘टक’.

चावी फिरवली की टकटक सुरू व्हायची आणि कार्ब्युरेटर भरला की थांबायची. मुरलेले चालक आधी कान द्यायचे. टकटक थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा नळीत हवा शिरतेय. मुळीच येत नसेल तर बहुधा पॉइंट. वीज तुटताना दर वेळी उडणाऱ्या ठिणगीने ते काळे पडायचे. मग खाली वाकून पंपाला पान्ह्याने हलकेच ठोकायचं. धक्क्याने पॉइंट जुळायचे, टकटक सुरू. नीट दुरुस्ती घरी पोहोचल्यावर.

असे उपाय बरेच. ॲक्सिलरेटरची केबल तुटली तर कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवायचा आणि रमतगमत घर गाठायचं. क्लचचं तेल गळून गेलं तर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारायचा, पुढचे गिअर इंजिनाच्या वेगाचा अंदाज घेऊन बदलायचे आणि सिग्नलला इंजिन बंद करायचं. फॅन बेल्ट तुटला तर बायकांचा नायलॉनचा लांब मोजा गाठ मारून बांधायचा, हा उपाय तर दंतकथाच झालाय.

या जुगाडाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे उपाय लोकांना पाठ होते, कारण गाड्या सारख्या बंद पडायच्या. आजचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि वर्षानुवर्षं त्याची आठवणही येत नाही. या सौद्यात मी खुश आहे. एमजीबी घेऊन रोज हिंजवडीला जायची माझी तयारी नाही.

खटकतं ते वेगळंच. माझ्या गाडीला बिघाड कुठे आहे ते कळलं होतं. स्कॅनरने तिच्याच मेमरीतून कोड वाचला. फक्त मला सांगितलं नव्हतं. जुन्या पंपाची टकटक कुणी चालकासाठी ठेवली नव्हती, ती आपोआप ऐकू यायची. आज मात्र चालकाला काय सांगायचं हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं.

आणि ते टेबल माझ्या ओळखीचं आहे. ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हा मेसेज आमच्या ॲपमध्ये मीच लिहिलाय. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून असतं. गेल्या आठवड्यात तो बदलायला घेतला. आता फॉर्म अडकला तर कोणती फाइल मोठी झाली ते दिसतं आणि भरलेली माहिती फोनमध्येच जपली जाते.