राउटरमध्ये 'आधी कोण?' हे ठरवलं कुणी?

घरच्या किंवा हॉस्टेलच्या राउटरची सेटिंग्ज कधी उघडलीत, तर 'क्यूओएस' नावाचा एक टॅब दिसेल. कुणाला किती स्पीड, व्हिडिओ कॉल आधी की डाउनलोड आधी, हे तिथे ठरतं. आपण आकडा टाकतो, सेव्ह करतो, विसरून जातो. पण नेटवर्कवर संशोधन करायचं असेल तर या टॅबचा इतिहास तुम्हाला माहीत हवा.

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी आलेल्या आरएफसी ७९१ मध्ये आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये 'टाइप ऑफ सर्व्हिस'साठी ८ बिट राखून ठेवले गेले. त्यातले पहिले ३ प्राधान्यासाठी. कल्पना साधी होती. पॅकेट किती महत्त्वाचं हे पाठवणाऱ्याने लिहायचं आणि वाटेतल्या राउटरने त्याप्रमाणे वागायचं. पण आता विचार करा, स्वतःच्या पॅकेटवर 'मला घाई नाही' असं कोण लिहील?

हा प्रश्न लवकरच प्रत्यक्षात आला. १९८६ मध्ये अमेरिकेत एनएसएफनेट सुरू झालं. सुपरकॉम्प्युटर केंद्रांना जोडणारं हे नेटवर्क, आणि त्याच्या लाइनचा वेग सेकंदाला फक्त ५६ किलोबिट! राउटर म्हणून डेव्हिड मिल्स यांचे 'फझबॉल' होते, म्हणजे छोट्या एलएसआय-११ कॉम्प्युटरवर चालणारं त्यांचं सॉफ्टवेअर. वापर वाढला तशी लाइन तुंबू लागली. टेलनेटवर काम करणारा माणूस एक अक्षर टाइप करायचा आणि ते स्क्रीनवर उमटायची वाट बघत बसायचा, कारण पुढे कुणाची तरी भलीमोठी फाइल चाललेली असायची.

मग फझबॉलमध्ये टेलनेटच्या पॅकेटना आधी सोडायची सोय केली गेली. यातली गंमत समजून घ्या. टाइप केलेल्या अक्षरांची पॅकेट अगदी लहान असतात. ती पुढे काढली तरी फाइलचं फारसं बिघडत नाही, पण समोर बसलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. मात्र या सोयीचा गाजावाजा केला गेला नाही. कारण उघड आहे: कळलं असतं तर लोकांनी फाइलीसुद्धा टेलनेटच्या वेशात पाठवल्या असत्या. १९८८ मध्ये सेकंदाला १.५ मेगाबिटच्या लाइन आल्या आणि ती तुंबण्याची वेळ टळली.

इथे एक बदल झाला होता. लेबल लावायचा अधिकार पाठवणाऱ्याकडून राउटर चालवणाऱ्याकडे गेला होता.

पुढचा वाद त्यातूनच आला. पोर्ट नंबर बघून वर्गीकरण करायचं म्हटलं तर प्रोग्राम पोर्ट बदलू लागले. मग राउटरजवळची उपकरणं पॅकेटच्या आत डोकावू लागली. २००७ मध्ये कॉमकास्ट ही अमेरिकी कंपनी बिटटोरेंटची कनेक्शन मध्येच तोडते हे उघड झालं, तेव्हा लोकांचा राग फक्त स्पीडवर नव्हता. न सांगता केलं, यावर होता.

आपल्याकडे २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ट्रायच्या नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी मान्य केल्या. मुद्दाम अडवणं, मुद्दाम वेग कमी करणं नको. पण 'वाजवी' ट्रॅफिक मॅनेजमेंट चालेल. आता वाजवी म्हणजे काय? फझबॉलमधली ती सोय वाजवी होती असं मला वाटतं. पण तीही वापरणाऱ्यांना न विचारताच केली होती, हे विसरता येत नाही.

म्हणून क्यूओएसवरचा पेपर वाचताना थ्रूपुटच्या आलेखाआधी वर्गीकरणाचा परिच्छेद वाचा. ट्रॅफिकचे गट कुणी पाडले, कशावरून पाडले, आणि ज्याचं पॅकेट मागे राहिलं त्याला ते कळणार होतं का, हे वहीत लिहून ठेवा. बऱ्याच पेपरांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. तुमचा संशोधनाचा विषय कदाचित तिथेच असेल.