फेब्रुवारीतले तीनशे रुपये

१/ बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या अनेक रस्त्यांचा इतिहास शोधताना शेवटी पगाराच्या पावतीवरच्या एका ओळीपाशी यावे लागते. ती ओळ म्हणजे ‘व्यवसाय कर’. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ही कपात मुळात कशासाठी सुरू झाली, हे देणाऱ्यास सहसा ठाऊक नसते.

२/ १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. दुष्काळी कामांवर बायाबापड्यांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर आकार घेऊ लागली. प्रश्न एकच होता: दुष्काळ सरल्यावरही मागेल त्याला काम द्यायचे, तर पैसा कोठून आणायचा?

३/ उत्तर १९७५ मध्ये मिळाले. नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. त्याच्या जोडीला विक्रीकर आणि मोटार वाहन कर यांवर जादा आकारणी, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, जमीन महसुलावर अधिभार आणि शहरांतील बिगरनिवासी इमारतींवर कर आला. या करांतून जितके जमेल तितकीच भर राज्याने स्वतः घालायची होती. पुढे १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी निधीला वैधानिक रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला.

४/ वाचकहो, याचा अर्थ असा की दादरच्या दुकानात झालेल्या खरेदीवरील कराचा एक अंश पाटोदा-आष्टीकडच्या मातीकामावरील मजुरीत उतरू शकत होता. शहराने खेड्याचा रस्ता करावा, ही कल्पना तेव्हाच्या हिंदुस्थानात विलक्षणच म्हटली पाहिजे.

५/ परंतु कर बांधला गेला होता मजुरीशी, रस्त्याशी नव्हे. खर्चातील किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा असावा, असा दंडक होता. मुरूम आणि खडी मजुरांच्या हातांनी पडे. डांबर, मोऱ्या, पूल यांना साहित्य लागे. म्हणून ‘रोहयोचा रस्ता’ पुष्कळदा खडीकरणावर थांबे आणि पावसाळ्यात धुऊन निघे. योजनेने माणसे जगवली, यात शंका नाही. मात्र एसटी गावात येण्यासाठी दुसऱ्या एखाद्या निधीची वाट पाहावी लागे.

६/ याच्या उलट उदाहरण लॉस एंजेलिसचे. तेथे २००८ मध्ये मतदारांनी वाहतुकीसाठी अर्धा टक्का विक्रीकर ३० वर्षांकरिता मंजूर केला. २०१२ मध्ये मुदतवाढ मागितली गेली. दोन तृतीयांश मतांची अट थोडक्यात हुकली आणि ती नामंजूर झाली. २०१६ मध्ये नवा प्रस्ताव मात्र संमत झाला. कर वाढवायचा तर कोणत्या मार्गावर काय झाले, हे आधी सांगावे लागते.

७/ आपल्याकडील व्यवसाय कराला मुदतच नव्हती, त्यामुळे त्याचा हिशेब मतदारापुढे मांडण्याचा प्रसंग आला नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर वर्षाला १०० दिवसांपर्यंतच्या मजुरीचा भार केंद्राकडे गेला. कपात चालूच राहिली. कर वाईट होता, असे मी म्हणत नाही. विचारणा झाली नाही, एवढेच मला खुपते.

८/ मग बीडच्या नगरपालिकेने शहराच्या रस्त्यांसाठी स्वतःचा असा कर लावावा काय? नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये संपली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. त्यासाठी झालेल्या घटनादुरुस्तीत स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची तरतूदच राज्यसूचीतून वगळली गेली. आता जालना रोडवरच्या दुकानदाराने ‘रस्त्यासाठी अर्धा टक्का जादा द्यायला आम्ही तयार आहोत’ असे म्हटले, तरी तो घेण्याचा अधिकार पालिकेकडे नाही.